छोटे पॅनल, जवळचा उजेड

बॅटरीवर चालणारे छोटे एलईडी पॅनल म्हणजे पत्त्यांच्या कॅटपासून शाळकरी वहीपर्यंत कोणत्याही मापाची चपटी पेटी. पुढे दुधी प्लास्टिकमागे एलईडीच्या ओळी, मागे एक-दोन फिरक्या आणि इवलासा पडदा, बुडाला ट्रायपॉडवर बसेल असे पाव इंची स्क्रूचे भोक आणि पोटात किंवा पाठीवर लिथियमची बॅटरी. सगळ्यात लहान पॅनल पाचेक वॉट वीज खाते आणि वजनाला सव्वाशे-दीडशे ग्रॅम भरते. मोठे वीस-तीस वॉटचे असते आणि बॅटरीसकट साधारण किलोच्या आत राहते. मोठ्या दिव्याची ही लहान आवृत्ती आहे, असे समजून ते विकत घेणाऱ्यांची निराशा होते. ते जवळ नेऊन वापरायचे साधन आहे, आणि त्याचे बहुतेक गुणदोष या एका गोष्टीतून निघतात.

असे साधन सेटवर यायला बराच काळ जावा लागला. चित्रपटांचा नेहमीचा दिवा टंगस्टनचा. तार तापवून प्रकाश मिळवायचा, त्यामुळे एका वॉटमागे जेमतेम वीस-पंचवीस ल्युमेन हाती येतात, बाकीची वीज उष्णतेत जाते. घरातल्या १६ अँपिअरच्या सॉकेटवर दोन किलोवॉटचा असा एकच दिवा चालतो. दुसरा लावला की मर्यादा ओलांडली जाते आणि जनरेटर व्हॅन मागवावी लागते. १९७० च्या सुमारास एचएमआय दिवे आले. ते टंगस्टनच्या चौपट प्रकाश देतात आणि त्यांचा रंगही दिवसाच्या उजेडासारखा असतो, पण त्यांच्यासोबत बॅलास्ट, म्हणजे विजेचे नियंत्रण करणारी जड पेटी, वागवावी लागते. कॅमेऱ्यावर बसवता किंवा हातात धरता येईल असा दिवा हवा असला, तर उरत होता तो हॅलोजन. महाराष्ट्रातल्या १९८०-९० च्या दशकांतल्या लग्नाच्या कॅसेटमध्ये वधूवरांसह सगळे वऱ्हाड डोळे बारीक करून, कपाळावर घाम घेऊन उभे दिसते, ते याच दिव्यामुळे. तो धरणारा पोरगा मंडपभर वायर ओढत व्हिडिओवाल्याच्या मागे फिरत असे.

अडचणीच्या जागेत दिवा कसा लपवायचा, हा प्रश्न लाइटमन मंडळींना पहिल्यापासून छळत होता. १९८७ च्या ‘बारफ्लाय’ या अमेरिकन चित्रपटाच्या वेळी गॅफर, म्हणजे लाइटमनांचे प्रमुख, फ्रीडर हॉख्हाइम यांनी ट्यूबलाइटचा बॅलास्ट वेगळा काढून लांब ठेवला आणि नुसत्या नळ्या भिंतीला चिकटवता येतील अशा केल्या. छायालेखक होते रॉबी म्युलर आणि जागा होत्या अरुंद. त्यातूनच किनो फ्लो ही कंपनी उभी राहिली. पुढे मायकल मान यांच्या ‘कोलॅटरल’मध्ये (२००४) लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर रात्रभर फिरणारी टॅक्सी दाखवायची होती. छायालेखक डिऑन बीब आणि पॉल कॅमेरॉन यांनी विजेने उजळणारे कागदासारखे पातळ पत्रे टॅक्सीच्या आत वेल्क्रोने चिकटवले. त्यांचा उजेड अगदी मंद, पण डिजिटल कॅमेऱ्याला तेवढा पुरला. आज त्या जागी एलईडी पॅनल लावले जाते; युक्ती तीच आहे.

एलईडीचे घोडे अडले होते निळ्या रंगापाशी. लाल आणि हिरवे एलईडी कित्येक वर्षे वापरात होते, पण निळ्याशिवाय पांढरा प्रकाश तयार होत नाही. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ साली प्रखर निळा एलईडी घडवला. त्याआधी इसामु आकासाकी आणि हिरोशी आमानो यांनी गॅलियम नायट्राइडचे चांगले स्फटिक वाढवण्याची वाट शोधली होती. तिघांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळ्या फॉस्फरचा लेप दिला की काही निळा प्रकाश लेपातून आरपार जातो, काही पिवळ्यात बदलतो आणि डोळ्याला दोन्ही मिळून पांढरे दिसते. असा पांढरा एलईडी १९९६ पासून बाजारात आला. त्याचे चित्रीकरणाचे पॅनल करण्यात लाइटपॅनल्स ही कंपनी पुढे होती. काही गॅफर आणि इंजिनिअर यांनी ती २००१ मध्ये काढली. मोठ्या सेटवर एलईडीची पत खऱ्या अर्थाने बसली ती मात्र २०१५ साली आलेल्या ॲरीच्या स्कायपॅनलमुळे.

दिवा सुधारत असताना कॅमेराही बदलत होता. ही बाजू अनेकदा विसरली जाते. कोडॅकच्या नेहमीच्या वेगवान सिनेफिल्मची संवेदनशीलता आयएसओ ५०० होती. आजचे साधारण डिजिटल कॅमेरे ८०० वर सहज काम करतात आणि काही मॉडेल ४००० किंवा ५००० वरही स्वच्छ चित्र देतात. हिशेब मांडून पाहता येतो. आयएसओ ८००, एफ/२.८ आणि १/५० सेकंद या मापांवर चेहरा नीट उजळायला सुमारे १२० ते १३५ लक्स प्रकाश लागतो. आयएसओ १०० वर त्याच कामासाठी हजार लक्सच्या आसपास जावे लागते. पाच-दहा वॉटच्या पॅनलला एक मीटरवर पहिला आकडा जमतो, दुसरा जमत नाही. पॅनल खिशात मावू लागले, त्याचे अर्धे श्रेय सेन्सरला आहे.

पॅनलचा प्रकाश डोळ्याला पांढरा दिसला, एवढ्यावर कॅमेऱ्याचे भागत नाही. टंगस्टनच्या प्रकाशात निळ्यापासून लालपर्यंत सगळ्या लहरी सलग असतात, कमीजास्त प्रमाणात का होईना. फॉस्फरच्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा उंच सुळका असतो, त्याला लागून ४८० जवळ खड्डा, मग पिवळ्याचा पसरट डोंगर, आणि लालकडे येईपर्यंत तो उतरलेला. हा उतार चेहऱ्यावर लगेच कळतो. त्वचेखालचे रक्त हिरव्या-पिवळ्या लहरी शोषते आणि ६०० नॅनोमीटरपलीकडचा लाल परत फेकते. सावळ्या वर्णात मेलॅनिन निळा भागही बराच गिळते. म्हणजे गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्याचा जिवंतपणा मुख्यतः लाल टोकाला साठलेला असतो, आणि स्वस्त पॅनलमध्ये नेमका तोच भाग दुबळा. चेहरा राखेसारखा दिसतो, कुंकू विटकरी होते, लग्नाचा लाल शालू तपकिरीकडे झुकतो. रंग दुरुस्त करणारा तंत्रज्ञ नंतर लाल वाढवू शकतो, पण दिव्यात जे नव्हते ते तो आणू शकत नाही. तो फक्त सगळ्याच चित्रावर लालसर झाक चढवतो.

खोक्यावर ‘सीआरआय ९५’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ या संदर्भात पाहावा. सीआरआय हा निर्देशांक आठ फिक्या रंगांच्या नमुन्यांवर काढलेली सरासरी आहे. गडद लाल, ज्याला आर-९ म्हणतात, त्या सरासरीत धरलेलाच नाही. त्यामुळे सीआरआय नव्वदच्या घरात आणि आर-९ पन्नासच्या घरात, असे पॅनल सर्रास मिळते. शिवाय हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेले आहे. कॅमेऱ्याच्या नजरेने मोजण्यासाठी युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने २०१२ मध्ये टीएलसीआय हा निर्देशांक आणला. त्याच्याही पुढे जाऊन ऑस्कर देणाऱ्या अकादमीने एसएसआय आणला. त्यात रंगांचे नमुने नसतातच, दिव्याचा वर्णपट टंगस्टनच्या किंवा सूर्यप्रकाशाच्या वर्णपटाशी थेट ताडून पाहतात. घेताना आर-९ आणि टीएलसीआय हे दोन आकडे विचारावेत. विक्रेत्याला ते ठाऊक नसतील, तर पॅनल स्वतःच्या तळहातावर धरून फोनने फोटो काढावा आणि तसाच फोटो दारात येऊन उन्हात काढावा. फोनचा स्वयंचलित व्हाइट बॅलन्स काही दोष झाकतो, तरीही चांगला आणि वाईट यांतला फरक लपत नाही.

रंगाचे तापमान बदलता येणारे पॅनल ‘बायकलर’ म्हणून विकले जाते. त्यात पिवळसर आणि निळसर अशा दोन जातींचे एलईडी एकाआड एक बसवलेले असतात आणि फिरकीने दोघांचे प्रमाण बदलते. पूर्वी यासाठी दिव्यापुढे रंगीत जेल लावत. टंगस्टनचा ३२०० केल्विनचा प्रकाश ५६०० वर नेणारी निळी जेल सुमारे दोन तृतीयांश उजेड खाऊन टाकते. बायकलरमध्ये हे नुकसान टळते, पण फुकट काहीच मिळत नाही. दोन्ही टोकांना पॅनलमधले निम्मेच एलईडी पेटलेले असतात, म्हणून अनेक पॅनल्सचा उजेड मधल्या तापमानाला सर्वांत जास्त आणि टोकांना कमी असतो. दुसरी खोच रंगाची आहे. तापलेल्या वस्तूचा रंग बदलत जातो तो मार्ग रंगनकाशावर वक्र असतो, दोन एलईडींचे मिश्रण मात्र सरळ रेषेत चालते. ही रेषा मध्यावर वक्राच्या खाली जाते आणि ४२०० केल्विनच्या आसपास प्रकाशाला किंचित गुलाबी छटा येते.

त्यावरचा उपाय म्हणजे लाल, हिरवे आणि निळे एलईडीही त्याच पेटीत घालणे. दोन पांढरे आणि हे तीन अशा पाच जातींच्या पॅनलला बाजारात ‘आरजीबीडब्ल्यूडब्ल्यू’ असे लांबलचक नाव आहे. ॲप्युचरचे एमसी हे खिशात मावणारे पॅनल या प्रकारातले आणि २०१९ नंतर चांगलेच रुळलेले. अशा पॅनलमध्ये हिरवी-गुलाबी छटा वेगळ्या फिरकीने कमीजास्त करता येते, आणि ती सोय वाटते त्याहून मोलाची आहे. निऑनचे जांभळे-गुलाबी रंग, पोलिसांच्या गाडीचा दिवा, वीज चमकणे, टीव्हीचा थरथरता निळा उजेड हे तयार परिणाम पहिल्या आठवड्यात फार वापरले जातात आणि नंतर क्वचितच. टीव्हीचा आणि मेणबत्तीचा तेवढा खरोखर उपयोगी पडतो.

भारतातल्या घरात चित्रीकरण करताना छटेची ही फिरकी आणि तापमानाची वरची मर्यादा, दोन्ही कामाला येतात. घरोघरी छताला लावलेल्या ट्यूब आणि बल्ब बहुधा ६५०० केल्विनचे, ‘कूल डे-लाइट’ असे लिहिलेले असतात. ज्या पॅनलची धाव ५६०० पर्यंतच, त्याचा उजेड या ट्यूबशेजारी पिवळा पडतो. जुन्या ट्यूबलाइटमध्ये हिरवी झाक असते; ती बंद करता येत नसेल, तर पॅनललाच तेवढी हिरवी छटा देऊन सगळे चित्र एका रंगात आणतात आणि हिरवेपणा नंतर एकदमच काढतात.

उजेड कमी करण्याची रीतही तपासून घेण्यासारखी आहे. एलईडीचा प्रकाश मंद करायला त्यातला प्रवाह कमी करता येतो, किंवा एलईडी सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून बंद राहण्याचा काळ वाढवता येतो. दुसरा मार्ग स्वस्त. त्यात वेग पुरेसा नसला, तर सेन्सर ओळीओळीने चित्र वाचत असल्याने पडद्यावर आडवे पट्टे सरकताना दिसतात. पॅनल दहा टक्क्यांवर आणून फोनच्या २४० फ्रेमच्या स्लो-मोशनमध्ये पाहिले, की खोट लगेच उघडी पडते. पॅनल निर्दोष ठरले, तरी त्याच खोलीतला घरगुती दिवा लुकलुकू शकतो. भारतात वीज ५० हर्ट्झची, म्हणून असा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. २४ फ्रेमवर शटर १८० ऐवजी १७२.८ अंशांवर ठेवले, की प्रत्येक फ्रेम बरोबर १/५० सेकंद उघडी राहते, त्यात असे दोन हेलकावे पूर्ण बसतात आणि लुकलुक जाते.

आता अंतराचा मुद्दा. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटतो. एक मीटरवर १००० लक्स देणारे पॅनल दोन मीटरवर २५० आणि तीन मीटरवर सुमारे ११० लक्स देते. खोक्यावरचा आकडा बघताना तो कोणत्या अंतरावरचा आहे हे आधी वाचावे. पुष्कळ कंपन्या अर्ध्या मीटरवरचा किंवा ३० सेंटिमीटरवरचा लक्स छापतात; एक मीटरचा अंदाज घ्यायचा, तर पहिल्याला चारने आणि दुसऱ्याला अकराने भागावे लागते. दुपारचे ऊन एक लाख लक्सच्या घरात असते. खिडकीतून ते आत येत असताना चेहऱ्यावरची सावली छोट्या पॅनलने भरून काढायला जाणे व्यर्थ आहे. तिथे पांढऱ्या थर्माकोलची शीट जास्त काम करते, आणि तिला बॅटरी लागत नाही.

जवळ आणलेल्या दिव्याचा स्वभाव वेगळा असतो. पॅनल चेहऱ्यापासून ५० सेंटिमीटरवर आहे आणि नट बोलता बोलता १० सेंटिमीटर पुढे झुकला, तर त्याच्यावरचा उजेड दीडपटीहून अधिक होतो. तीन मीटरवरच्या मोठ्या दिव्यापुढे तेवढेच झुकले तर फरक सात टक्के, कुणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून छोटे पॅनल बसलेल्या, झोपलेल्या किंवा स्टिअरिंग धरलेल्या माणसाला चालते. येरझाऱ्या घालणाऱ्याला चालत नाही. याच गुणाची दुसरी बाजू फायद्याची आहे. जवळचा उजेड चेहऱ्यावरच संपतो, मागची भिंत अंधारात राहते आणि रात्र रात्रीसारखी दिसते. मोठ्या दिव्याने हेच साधायला कटर आणि काळे कापड लावून प्रकाश अडवत बसावे लागते.

सावलीचा मऊपणा दिव्याच्या किमतीवर अवलंबून नसतो. प्रकाश देणारा पृष्ठभाग समोरच्या वस्तूच्या मानाने किती मोठा दिसतो, यावर तो ठरतो. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’साठी (१९५६) सुब्रत मित्र यांनी काशीच्या वाड्याचा चौक कोलकात्याच्या स्टुडिओत उभा असताना वर पांढरे कापड ताणले आणि दिवे त्यावर मारून परतलेला उजेड खाली उतरवला. पडद्यावर तो आकाशातून झिरपलेला वाटतो. मोबाइलएवढे पॅनल दोन मीटरवर ठेवले, तर ते जवळजवळ ठिपकाच आहे आणि नाकाची सावली गालावर काळीकुट्ट पडते. तेच ३० सेंटिमीटरवर आणले की कडा बऱ्याच विरघळतात. दुधी झाकण काढलेल्या पॅनलची आणखी एक गंमत जवळून दिसते: प्रत्येक एलईडी आपापली सावली पाडतो आणि बोटांमागे भिंतीवर एकावर एक सरकलेल्या कडांची झालर उमटते. फूटभर पुढे बटर पेपरचा ताव धरला की ती जाते, उजेडाचा पृष्ठभागही तावाएवढा होतो. बदल्यात बराच प्रकाश तावातच मुरतो.

या सगळ्यावरून पॅनलच्या जागा ठरतात. डोळ्यात चमक आणणारा बारीक ठिपका, ही सर्वांत सोपी. चालत्या गाडीत पॅनल सन-व्हायझरला किंवा डॅशबोर्डवर टेपने चिकटवून मंद ठेवतात, म्हणजे मीटरचा किंवा समोरच्या वाहनांचा उजेड असल्यासारखे वाटते. नट मोबाइल पाहतो आहे असे दाखवायचे असेल, तर खऱ्या फोनच्या पाठीशी, कॅमेऱ्याला न दिसेल असे पॅनल धरतात. उघडलेला फ्रिज, कपाट, देव्हारा, लॅम्पशेडच्या आतली जागा, केसांची कड उजळणाऱ्या मागच्या दिव्याची जागा यांतली प्रत्येक जागा जुन्या दिव्यांसाठी एकतर लहान होती किंवा तिथे आग लागण्याची भीती होती. पॅनलच्या पाठीला चुंबक असले, की लोखंडी कपाट, खिडकीचे गज आणि गाडीचा पत्रा हेच स्टँड होतात. छताला किंवा गाडीच्या टपाखाली चिकटवलेल्या पॅनलची फिरकी दर वेळी गाठता येत नाही, म्हणून फोनवरून ब्लूटूथने चालणारे पॅनल घेणे शहाणपणाचे. मोठ्या सेटवर हेच काम डीएमएक्स या १९८६ पासूनच्या, मूळच्या नाट्यगृहांतल्या पद्धतीने होते. एका जोडणीत ५१२ चॅनल बसतात.

राहिली बॅटरी. सगळ्यात छोट्या पॅनलमध्ये ती आतच असते आणि यूएसबी-सीने भरते. ती म्हातारी झाली की सहसा पॅनलच निकालात निघते. मोठ्या पॅनल्सच्या पाठीवर सोनीच्या जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांसाठी निघालेल्या एनपी-एफ जातीच्या बॅटऱ्या बसतात. कॅमेरे गेले, खाच मात्र सगळ्या उद्योगाने उचलली. सर्वांत जाड एफ-९७० मध्ये ७.२ व्होल्टवर सुमारे ४७ वॉट-तास असतात. १५ वॉटचे पॅनल पूर्ण उजेडावर तिच्यावर तीन तासांच्या आसपास चालते, निम्म्यावर जवळपास दुप्पट. पातळ एफ-५५० तासाभरात मान टाकते. इतर कंपन्यांच्या स्वस्त बॅटऱ्यांवर छापलेले मिलिअँपिअर-तास फुगवलेले असू शकतात; दोन सारख्या मापाच्या बॅटऱ्या हातात घेऊन वजन पाहिले, तर हलकी कुठली ते कळते. बॅटरी भरलेली असताना ८.४ व्होल्ट देते आणि संपताना सहाच्या आसपास येते. चांगल्या पॅनलचे सर्किट या घसरणीतही उजेड स्थिर राखते. स्वस्त पॅनल हळूहळू मंदावते, आणि एकाच संवादाचे दोन शॉट संकलनाच्या टेबलावर जुळत नाहीत.

विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या सामानात चालत नाहीत, हातातल्या बॅगेतच न्याव्या लागतात, टोके टेपने झाकून. १०० वॉट-तासांपर्यंतच्या बॅटरीला विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही. १०० ते १६० च्या दरम्यान ती लागते आणि अशा सुट्या दोनच नेता येतात. मोठ्या दिव्यांच्या व्ही-माउंट बॅटऱ्यांवर ९८ किंवा ९९ वॉट-तास लिहिलेले आढळते ते यामुळेच. काम नसेल तेव्हा बॅटरी निम्मी भरून थंड जागी ठेवावी. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवू नये, आणि पॅनलवरून काढलेली तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नये. जिचे पोट फुगले आहे ती परत भरायची नाही, भोसकायची नाही आणि ओल्या-सुक्या कचऱ्यातही टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. विक्रेत्याने हात वर केले, तर ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यावी.